ताऱ्यांमागील शब्द

चेन्नईतील वेलचेरीच्या एखाद्या उपाहारगृहात जेवून आलेली दृष्टिहीन व्यक्ती संकेतस्थळावर आपला अभिप्राय नोंदवू इच्छिते, अशी कल्पना करा. पडद्यावर पाच तारे आहेत. परंतु ती नुसती चित्रे असतील, तर मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यांचा अर्थ सांगता येत नाही. मग तिने मत द्यावे कसे?

उपाय सोपा आहे; त्यासाठी जावास्क्रिप्टचीही गरज नाही. एचटीएमएलमध्ये पाच रेडिओ बटणांचा एक गट करावा आणि प्रत्येक बटणाला ‘पाचपैकी तीन तारे’ असे शब्दरूप लेबल द्यावे. नंतर सीएसएसच्या साहाय्याने बटणे पारदर्शक करून त्यांच्या जागी तारे दाखवावेत. ‘डिस्प्ले : नन’ मात्र वापरू नये, त्यामुळे बटणे स्क्रीन रीडरला व कळफलकालाही दुरावतात. निवडलेल्या ताऱ्यापर्यंतचे सर्व तारे रंगवण्यासाठी ‘हॅज’ हा निवडक उपयोगी पडतो. डिसेंबर २०२३ पासून तो सर्व प्रमुख ब्राउझरांत चालतो. कळफलकावरील बाणांनी निवड बदलते. म्हणून चालू ताऱ्याभोवती ठळक चौकट असावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ४२ मध्ये माहिती व संपर्क तंत्रज्ञान दिव्यांगांना सुलभ करण्याची तरतूद आहे. असे पाच तारे रचणे हेही त्याच कर्तव्याचे पालन होय.