हाकेला ओ देणारं गाणं

'यूव्ह गॉट अ फ्रेंड' शिकवायला घेतलं की मी मुलांना आधी शब्द बघू देत नाही. नुसते कॉर्ड वाजवायला लावते. कडवं मायनरमध्ये सुरू होतं, कानाला उदास लागतं. ध्रुवपद आलं की चाल शेजारच्या मेजरमध्ये जाते. स्वर बहुतेक तेच, 'सा' तेवढा हलतो आणि एकदम मोकळं वाटतं. असं का वाटतं हे मुलांना सांगता येत नाही, पण वाजवणारा प्रत्येक जण तिथे थोडा सैलावतो.

गाणं कॅरोल किंगचं. नवरा गेरी गॉफिनबरोबर तिने वर्षानुवर्षं इतरांसाठी गाणी रचली. लग्न मोडल्यावर दोन मुलींना घेऊन ती न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला आली, तिथे जेम्स टेलरशी सूर जुळले. मानसोपचाराचं रुग्णालय आणि हेरॉइन, दोन्ही अनुभवून आलेला हा तरुण गायक. त्याच्या 'फायर अँड रेन'मध्ये एकटेपणात मित्र मिळाला नाही अशी खंत आहे. त्या खंतीला उत्तर म्हणून किंगला हे गाणं सुचलं, असं टेलर सांगत आला आहे. त्याने ते पहिल्यांदा ऐकलं ट्रुबॅडूर नावाच्या क्लबमध्ये, आणि तिथेच तो त्याच्या प्रेमात पडला.

1971 साली दोघांनीही ते रेकॉर्ड केलं. तिने 'टॅपेस्ट्री'साठी पियानोवर, त्याने गिटारवर. त्याच्यामागे जोनी मिचेलचा आवाज. किंगने गाणं खुशाल त्याला दिलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं ते त्याचंच. (आमच्या ऑर्केस्ट्रावाल्यांत एवढ्यावरून दोन पिढ्या अबोला चालला असता.) पुढच्या वर्षी याच गाण्यासाठी दोघांनाही ग्रॅमी मिळाला: तिला लिहिल्याबद्दल, त्याला गायल्याबद्दल.

शब्द वाचायला दिले की मुलं म्हणतात, यात काही विशेष नाही. खरंच नाही. तुला काय झालंय, असं गाणं विचारतही नाही. बाहेर माणसं कोरडी वागतील, सोडूनही जातील, हे मात्र आडपडदा न ठेवता सांगतं. वचन एवढंच, की ऋतू कुठलाही असो, हाक मार, मी येते. मला वाटतं, दुखावलेल्या माणसाला उपदेशापेक्षा हे सोसतं.

2015 च्या जानेवारीत शार्ली एब्दो या पॅरिसच्या व्यंग-साप्ताहिकावरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी टेलरला घेऊन पॅरिसला गेले आणि त्याने हेच गायलं. पुष्कळांनी टर उडवली. ती मलाही पटते. सरकारतर्फे म्हटलं की हे गाणं अवघडतं.

त्यापेक्षा मी मुलांना गायक डॉनी हॅथवेचं ट्रुबॅडूरमधलंच लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकवते. गाणं तेव्हा अगदी नवं होतं. तरी ध्रुवपद येताच सगळा क्लब गायला लागतो, इतका पोटातून की हॅथवेला गायला फारसं उरतच नाही.