समुद्राचे शास्त्र शिका, धंदा टिकवा

मासळीचा धंदा कोकणातील आपल्या लोकांना नवा नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात आणि राजिवड्यात होडी, जाळी, बर्फ आणि लिलाव यांतच पिढ्या गेल्या. पण याच धंद्याचे शास्त्र शिकावे, असे क्वचितच कोणाच्या मनात येते. मुलगा बारावी झाला की आधी पासपोर्टची चौकशी सुरू होते.

शिकून काय मिळणार, असे व्यापारी बंधू विचारतील. त्यांनी १९९४-९५ साल आठवावे. आंध्र आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या तळ्यांत पैसा ओतला गेला होता. एकाने ज्या खाडीत घाण पाणी सोडायचे, त्याच खाडीतून शेजाऱ्याने पाणी उपसायचे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि तळीच्या तळी बसली. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारी नियमन क्षेत्रातील अशी तळी हटवण्याचा आदेश दिला. २००५ च्या कायद्याने धंद्याला पुन्हा वाट मिळाली, मात्र नोंदणीच्या अटीवर. भांडवल कमी पडले नव्हते, पाण्याचे ज्ञान कमी पडले होते.

ज्ञान असले तर थोड्या भांडवलातही काम होते. शिनाण्यांची शेती पाहा. खडकावरचे बी दोराला लावून त्यावर सुती जाळी गुंडाळतात. जाळी कुजेपर्यंत शिनाणे दोराला पक्के धरतात. खाद्य विकत घालावे लागत नाही, पाण्यातील सूक्ष्म जीवांवर ते पोसतात. पावसाच्या गोड्या पाण्याने ते मरतात, म्हणून डिसेंबरच्या सुमारास लावून पावसाळ्यापूर्वी काढतात. केरळात कासरगोडकडे पडन्ना गावाच्या खाडीत ही शेती चांगली रुजली आहे.

शिक्षणाची सोय घराजवळच आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी मिळते. पुढील शिक्षणासाठी मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यकी शिक्षण संस्था आहे. संशोधनाची आवड असणाऱ्याने गोव्यातील दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था नजरेसमोर ठेवावी. हाताने काम करणाऱ्या मुलांनीही निराश होऊ नये. कोचीच्या सिफनेट संस्थेत दहावीनंतर नौकेच्या इंजिनाचा फिटर आणि नौकाचालक यांचे अभ्यासक्रम आहेत.

पदवीनंतर सरकारी मत्स्य खाते, कोळंबी बीज केंद्रे, खाद्य कंपन्या आणि निर्यातदारांचे कारखाने येथे कामाची संधी असते. अलीकडे आणखी एक वाट निघाली आहे. मुंबईत ओहोटीच्या वेळी जाणकार लोक शाळकरी मुलांना आणि शहरवासीयांना खडकांवर नेऊन समुद्री जीव दाखवतात. वेंगुर्ल्याला बचत गटातील महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. भरती-ओहोटीचे वेळापत्रक ज्याला तोंडपाठ आहे, त्या दर्यावर्दीच्या मुलाला हे काम काय अवघड?

एक मात्र आम्ही स्पष्ट सांगतो. हे शिक्षण वर्गात बसून पुरे होत नाही. चिखलात उतरावे लागते, पहाटे तळ्यावर जाऊन पाण्यातील प्राणवायू मोजावा लागतो आणि नोकरीसाठी आंध्र-गुजरातपर्यंत जाण्याची तयारी ठेवावी लागते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. तळ्यात पैसा घालण्यापूर्वी घरातील एका मुलाला किंवा मुलीला हे शास्त्र शिकवा. बापाचा अनुभव आणि लेकराची विद्या एकत्र आली, तर धंदा एका रोगाने बुडणार नाही.