थिएटर ऑर्गन : एका माणसाचा वाद्यवृंद

नाटकातला ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकांचा, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. त्यात आणि आपल्या पेटीत हवेने धातूच्या पट्ट्या थरथरतात व सूर निघतो. आज बघू तो अमेरिकेतल्या सिनेमागृहांचा पाईप ऑर्गन. यात सूर नळ्यांतून येतो. पेनच्या टोपणावर फुंकर मारली की शिट्टी वाजते ना? बऱ्याचशा नळ्या अशाच वाजतात. काहींच्या तळाशी पितळी जीभही असते. नळी जितकी लांब तितका सूर खालचा. लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली जातो. त्यामुळे काही नळ्या १६ फुटी, तर काही पेन्सिलीएवढ्या!

मूकपटाच्या काळात पडद्यासमोर कोणीतरी संगीत वाजवावं लागे. आपल्याकडे पेटी-तबला असायचा. अमेरिकेत मोठ्या थिएटरला अख्खा वाद्यवृंद ठेवणं महाग पडे. तिथे रॉबर्ट होप-जोन्स या इंग्रज माणसाची कल्पना कामी आली. हे गृहस्थ मूळचे टेलिफोन कंपनीतले विद्युत अभियंता. जुन्या चर्च-ऑर्गनमध्ये कळ आणि नळी लाकडी काड्यांनी जोडलेली असे. यांनी तिथे वीज आणली. कळ दाबली की तारेतून वीज जाते, विद्युतचुंबक छोटी झडप उघडतो, चामड्याचा एक इवलासा भाता रिकामा होतो आणि नळीखालचं तोंड उघडतं. हवा पुरवायला विजेचा मोठा पंखा. म्हणजे वादक पडद्यापुढे बसला आणि नळ्या बाजूच्या खोल्यांत असल्या तरी चालतं! त्या खोल्यांना खिडकीसारख्या लाकडी फळ्या. त्या उघडल्या-मिटल्या की आवाज लहान-मोठा होतो.

शिवाय एकच नळ्यांची रांग अनेक सप्तकांसाठी वापरायची युक्तीही त्यांनी सगळीकडे लावली. आणि गंमत म्हणजे ढोल, झांजा, पक्ष्यांची शीळ, घोड्याच्या टापा, मोटारीचा भोंगाही याच वादकाच्या हाताखाली.

१९१० साली त्यांचा व्यवसाय वुर्लिट्झर कंपनीने घेतला. पुढे कंपनीने असे २,००० हून जास्त ऑर्गन बनवले. होप-जोन्स मात्र १९१४ मध्येच गेले, ती भरभराट त्यांनी पाहिलीच नाही.

१९२७ मध्ये 'द जाझ सिंगर' आला आणि सिनेमा बोलू लागला. काही वर्षांतच वादकांची कामं गेली, ऑर्गन धूळ खात पडले. कित्येक मोडीत निघाले. तरी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये १९३२ साली, म्हणजे बोलपट आल्यावर, ४,००० हून जास्त नळ्यांचा ऑर्गन बसवलाच!

जे वाचले ते बहुतेक हौशी लोकांमुळे. त्यांचं सगळ्यात किचकट काम कोणतं? नळ्या नव्हे, तर ते चामडं. काही दशकांत ते सुकतं, चिरतं. मग शेकडो छोटे भाते एकेक करून काढायचे, जुना सरस खरवडायचा, नवं चामडं चिकटवायचं. एक जरी फुटका राहिला, तर ती एक नळी गप्प बसते.