राणी उपाशी नाही

पावसाच्या पहिल्या सरी येऊन गेल्या की दर वर्षी एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी कानावर येतो. "मुंगळ्याची राणी सापडलीय. टेस्ट ट्यूबमध्ये ठेवलीय. आठवडा झाला, काही खात नाही. मध दिला, साखरपाणी दिलं, डास मारून टाकला, तोंड लावत नाही. मरेल का हो?" मी सांगतो, खायला देऊ नका. समोरचा हो म्हणतो. दोन दिवसांनी पुन्हा फोन: "थोडासाच मध दिला तर?"

नाही. थोडासाही नको.

वारुळापाशी साखर-पीठ टाकून पुण्य जोडणारी माणसं आपण. जीव कोंडून ठेवायचा आणि त्याला घासही द्यायचा नाही, हे आपल्या मनाला पटत नाही, हे मला कळतं. पण ही राणी उपाशी आहे, हेच मुळात खरं नाही. हौशी लोकांच्या घरी पहिल्या दोन महिन्यांत राण्या मरतात, त्यांतल्या बऱ्याच, निदान माझ्या पाहण्यातल्या, भुकेने नाही तर या दयेपायी मेलेल्या आहेत.

आपल्याकडचा मोठा काळा मुंगळा, कुणी त्याला डोंगळा म्हणतं, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. त्याची राणी आईच्या वारुळातून उडते तेव्हा रिकाम्या पोटी उडत नाही. कोशातून बाहेर आल्यावर कामकरी मुंग्या तिला भरवत असतात आणि उडायची वेळ येईपर्यंत ती चांगली चरबी धरते. लॉरां केलर आणि ल्यूक पासेरा यांनी 1989 साली 'ऑइकोलॉजिया' या नियतकालिकात वेगवेगळ्या जातींच्या राण्यांची मोजमापं छापली. एकटीने नवी वसाहत उभारणाऱ्या जातींमध्ये उडायला तयार राणीच्या कोरड्या वजनातला जवळपास निम्मा भाग चरबीचा भरला. कामकऱ्यांना बरोबर घेऊन वेगळं होणाऱ्या जातींच्या राण्या त्या मानाने कितीतरी रोड. चरबी हा एक साठा. डायना व्हीलर यांनी 1990 च्या दशकात कॅम्पोनोटसच्याच एका अमेरिकी जातीत दुसरा साठा तपासला, तो खास साठवणीच्या प्रथिनांचा. पिल्लं वाढवायला नुसती चरबी पुरत नाही, प्रथिनं लागतात, आणि तीही ही बाई बरोबर घेऊन येते.

तिसरा साठा सगळ्यांत नवलाचा आहे. राणी आयुष्यात एकदाच उडते. जमिनीवर उतरली की स्वतःचे पंख स्वतःच मोडून टाकते. मग छातीत भरलेल्या उड्डाणाच्या स्नायूंचं काय? फ्रेंच अभियंता शार्ल जाने याने 1907 साली काळ्या बागमुंगीच्या, म्हणजे लेसियस नायगरच्या, राण्यांच्या छातीचे पातळ काप काढून दाखवलं की पंख गळल्यावर काही आठवड्यांत हे स्नायू विरघळून जातात. त्यांतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि तिथून अंड्यांत आणि अळ्यांच्या तोंडात जातात. ज्या स्नायूंच्या जोरावर ती उडाली, त्यांवर तिची पहिली लेकरं पोसली जातात.

अशी राणी निसर्गात काय करते? जमिनीत बोटभर खोल भोक पाडते, आतून तोंड बुजवते आणि बसते. बाहेर येत नाही, शिकार करत नाही. अंडी घालते, चाटून-पुसून त्यांचा एक गठ्ठा करून ठेवते म्हणजे बुरशी धरत नाही. अळ्या निघाल्या की त्यांना तोंडातून पोषक रस भरवते. पुष्कळ जातींत तर पिल्लू न होणारी अंडी केवळ खाऊ म्हणून घातली जातात. अग्निमुंग्यांवर आयुष्य घालवलेले वॉल्टर चिंकेल यांच्या 2006 च्या ग्रंथात हा सगळा ताळेबंद आहे: पहिल्या कामकरी बाहेर येईपर्यंत राणीचं सुमारे निम्मं वजन उतरलेलं असतं. निम्मं वजन गमावणं हा तिथे आजार नसून ठरलेला खर्च आहे.

बरं, पुस्तकांवर विश्वास नसेल तर चोरांवर ठेवा. एप्रिल 2025 मध्ये केनियातल्या नैवाशा इथे दोन बेल्जियन तरुण सुमारे 5,000 राणीमुंग्यांसह पकडले गेले. त्या होत्या मेसॉर सेफालोटिस या दाणे गोळा करणाऱ्या मोठ्या मुंगीच्या राण्या, युरोपातल्या हौशी बाजारात चढ्या भावाने जाणाऱ्या. दोन हजारांवर टेस्ट ट्यूब, प्रत्येकीत कापसाचा बोळा. केनियाच्या वन्यजीव खात्याच्या म्हणण्यानुसार मुंग्या दोन महिने जगतील अशी ती तयारी होती. मे महिन्यात नैरोबीच्या न्यायालयाने प्रत्येकाला 10 लाख शिलिंग दंड किंवा 12 महिने कैद सुनावली. कृत्य निंद्यच, पण ज्यांचा माल मेला तर धंदा बुडतो त्यांनीही नळीत मध ठेवला नव्हता, एवढं ध्यानात घ्या.

यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो: दिलं तर बिघडतं काय, नको असेल तर खाणार नाही. न्यायाने बोलायचं तर खाल्ल्याने तिला विष होत नाही. काही राण्या मध चाटतातही. बिघडतं ते खाऊ घालण्याच्या खटाटोपात. टोकाचा बोळा ओढला की नळीला हिसका बसतो, उजेड आत शिरतो, अंड्यांचा गठ्ठा तोंडात धरून राणी सैरावैरा धावते. आत ठेवलेला मध बंद ओलसर हवेतलं पाणी शोषतो, पातळ होऊन काचेवर पसरतो. राणीची पहिली धडपड तो झाकण्याची असते: कापसाचे तंतू ओढून ओढून त्यावर टाकते, त्यात पाय आणि मिशा चिकटतात. चौथ्या दिवशी डासावर पांढरी लव दिसते, सहाव्या दिवशी ती अंड्यांपर्यंत पोचते. मग आपण घाबरून तिला दुसऱ्या नळीत हलवतो. एवढं झाल्यावर ती अंडी खाऊन टाकते, कारण असुरक्षित जागी गुंतवलेलं भांडवल परत काढून घेणं तिला कळतं. आणि आपण म्हणतो, बघा, भुकेने अंडी खाल्ली!

आता अपवाद, कारण तो न सांगता वरचं वाचून कुणी भलत्याच राणीला उपाशी मारील. काही जातींच्या राण्या खरोखरच साठा न घेता निघतात आणि वसाहत मांडताना अधूनमधून शिकारीला बाहेर पडतात. लांब जबडे आणि टपोरे डोळे असलेली, उडी मारणारी हार्पेग्नेथॉस सॉल्टेटर ही आपल्याकडची ठळक मुंगी यातलीच. अशा शिकारी मुंग्यांची राणी आपल्याच कामकऱ्यांपेक्षा फार मोठी नसते, छातीही फुगीर नसते. मुंगळ्याची राणी कामकऱ्याशेजारी ठेवली तर लगेच उमजते: रुंद, पाठीवर कुबड आल्यासारखी छाती, त्यावर पंखांचे व्रण, आणि जाडजूड पोट. राणी शिकारी जातीची असेल तर नळीला लागून एखादी छोटी डबी जोडा आणि आठवड्यातून दोनदा केळ्यावरची दोन-चार चिलटं किंवा रातकिड्याचं अगदी लहान पिल्लू सोडा, उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा. जात ओळखता येत नसेल तर अजय नरेंद्र आणि सुनील कुमार यांचं दक्षिण भारतातल्या मुंग्यांवरचं 2006 चं इंग्रजी पुस्तक पाहा. भारतात मुंग्यांच्या आठशेहून अधिक जाती नोंदल्या आहेत, सगळ्यांना एक नियम लावून चालणार नाही.

खाऊ नको, पण पाणी हवंच. इथे मात्र लोक उलट बेफिकीर. काडेपेटीत किंवा कोरड्या बरणीत ठेवलेली राणी चरबी असूनही सुकून मरते. टेस्ट ट्यूब तिसरा हिस्सा पाण्याने भरा, कापसाचा घट्ट बोळा पाण्याला टेकेल असा बसवा, पुढची जागा राणीला, आणि तोंडाशी दुसरा सैलसर बोळा. त्यातून हवा येते-जाते. एका मुंगीला भोकं पाडलेलं झाकण लागत नाही. पाण्याकडचा बोळा पिवळसर झाला म्हणून घरबदल करू नका, पाणी संपत आलं तरच करा. माती घालायचीही गरज नाही. मातीबरोबर माइट्स आणि बुरशी फुकट येतात.

नळी अंधारात, कपाटाच्या अशा खणात ठेवा जो रोज धाडकन उघडला जात नाही. आठवड्याने एकदा, तेही मिनिटभर बघा. नळीवर लाल पारदर्शक कागद गुंडाळला तर बरं. बहुतेक मुंग्यांना लाल रंग जवळपास अंधारासारखाच, हे इंग्लंडच्या जॉन लबक यांनी रंगीत काचा वापरून केव्हाच दाखवलंय आणि 1882 च्या पुस्तकात लिहूनही ठेवलंय. याच लबकनी डिसेंबर 1874 मध्ये ठेवलेली एक राणी ऑगस्ट 1888 पर्यंत जगली. पुढे हेर्मान अपेल यांच्याकडची काळ्या बागमुंगीची राणी तर 28 वर्षांवर जगली. एवढ्या आयुष्याच्या प्राण्याला आठवडाभराच्या उपासावरून मरणपंथाला लावणं जरा घाईचंच.

बाकीचे गैरसमज पटापट उरकतो.

पावसात दिव्याभोवती जमणारी पंखवाली झुंड म्हणजे राण्या, असं नाही. ती बहुधा वाळवी असते. चारही पंख सारखे, कंबर नाही, मिशा सरळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक, मिशा कोपरात मोडल्यासारख्या.

मरण जवळ आलं की मुंगीला पंख फुटतात, हेही नाही. कामकरी मुंगीला पंख कधीच फुटत नाहीत. नराच्या बाबतीत मात्र उड्डाणानंतर मरण जवळ असतं, हे खरं.

मुंगळा म्हणजे मुंगीचा नर, ही समजूत शिकल्यासवरल्या लोकांतही आहे. जमिनीवर फिरताना दिसतात ते सगळे मुंगळे माद्याच.

पंख गळले म्हणजे समागम झाला, असं छातीठोक सांगता येत नाही. काही कोऱ्या राण्याही पंख टाकतात, काही फळलेल्या आठवडाभर मिरवतात. अंड्यांतून अळ्या निघून त्यांचे कामकरी झाले की तेच खरं प्रमाणपत्र.

एकटी आहे म्हणून सोबतीला दुसऱ्या वारुळातल्या चार मुंग्या सोडणं म्हणजे मारेकरी सोडणं. दोन राण्या एकत्र ठेवण्याचंही तसंच. काळ्या बागमुंगीच्या राण्या सुरुवातीला गुण्यागोविंदाने नांदतात आणि कामकरी बाहेर आल्या की एकमेकींच्या जिवावर उठतात.

घरातल्या इवल्याशा पिवळ्या फारो मुंगीची एकटी राणी पकडून काही होत नाही. तिची वसाहत कामकऱ्यांसह फुटून वाढते. आणि डायाकामा या मुंगीच्या वारुळात राणी शोधत बसू नका. तिथे वेगळी राणी नसतेच, फळलेली एक कामकरीच अंडी घालते.

हिवाळ्यात नळी फ्रीजमध्ये ठेवावी, हा सल्ला युरोपातल्या थंड मुलखातल्या मुंग्यांसाठी आहे. तो वाचून पुण्या-नागपुरात मुंगळ्याची राणी भाजीच्या कप्प्यात ठेवणाऱ्यांना काय म्हणावं!

साधारण दीड-दोन महिन्यांनी कोश फुटतात आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या कामकरी बाहेर पडतात. त्या खुज्या दिसतात म्हणून पुन्हा फोन येतो: कुपोषण झालं का? नाही. मर्यादित साठ्यात मोजक्या मोठ्या लेकी करण्यापेक्षा जास्त छोट्या लेकी करणं परवडतं म्हणून पहिली पिढी अशीच असते. पुढच्या पिढ्या थोराड निघतात.

आणि आता, ज्या दिवसापासून त्या नळीत हिंडू लागतात त्या दिवसापासून, खरंच खायला लागतं. ज्यांनी दोन महिने रोज मध पुढे केला ते नेमके इथे निर्धास्त होतात. राणीचा साठा आता संपत आलेला असतो. नुसती साखरही पुरत नाही: साखरपाणी कामकऱ्यांच्या धावपळीसाठी, प्रथिनं अळ्यांसाठी. साखरपाण्याचा थेंब नळीत न टाकता कागदाच्या किंवा फॉइलच्या कपट्यावर, मोहरीच्या दाण्याएवढा. बरोबर ताजा मारलेला डास, चिलट किंवा रातकिड्याचा पाय, आठवड्यातून दोन-तीनदा. रॅकेटने मारलेला डास चालतो, फवारणीने मेलेला नाही. घरातलं झुरळ तर मुळीच नको. ओट्याखाली लावतात त्या जेलमध्ये बहुधा फिप्रोनिल असतं, आणि ते मुद्दामच सावकाश मारणारं केलेलं असतं. कामकरी तो तुकडा खातात, पोटातलं एकमेकींना भरवतात, शेवटी राणीला भरवतात, आणि दोन-तीन दिवसांत सगळी नळी साफ. झुरळच द्यायचं असेल तर खाद्य म्हणून वाढवलेलं विकत मिळतं ते आणा, उकळत्या पाण्यातून काढा आणि मांसाचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा तेवढा आत ठेवा.