डबा तोच, स्टिकर वेगळे. हैदराबादहून स्विमिंग पूलचे ‘मीठ मशीन’ आणताना काय बघावे?

हैदराबाद : लग्नाचा बस्ता, दवाखाना, मोटारीचे सुटे भाग, देगलूर, उदगीर, बिदरकडचा माणूस कशासाठी ना कशासाठी हैदराबाद गाठतोच. शेतातल्या घरापुढे छोटा स्विमिंग पूल बांधणाऱ्यांच्या यादीत आता ‘सॉल्ट क्लोरिनेटर’ आले आहे. पाण्यात मीठ टाकायचे आणि त्याच मिठापासून जागेवर क्लोरीन तयार करायचे, असे हे यंत्र. बाजारात विचारा नाहीतर ऑनलाइन शोधा, एकाच साच्यातला डबा वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या भावांनी समोर येतो.

यात लगेच फसवणूक समजायचे कारण नाही. एका कारखान्याने माल बनवायचा आणि दुसऱ्याने आपल्या नावाने विकायचा, हा धंदा मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळीकडे चालतो. अडचण नंतर येते. दोन-चार वर्षांनी मशीन बंद पडते, तोपर्यंत स्टिकरवाली कंपनी दुसराच माल विकत असते आणि सुटा भाग कुणाकडे मागायचा हे कळत नाही. मग ‘नवीनच घ्या’ हा सल्ला ऐकावा लागतो.

मशीनचे खरे भाग दोनच. एक भिंतीवरचा डबा. तो घरातल्या २३० व्होल्टच्या विजेपासून कमी दाबाचा डीसी करंट तयार करतो. दुसरा भाग म्हणजे पाइपात बसणारा ‘सेल’. त्यात टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या असतात आणि त्यांवर रुथेनियम, इरिडियम अशा महागड्या धातूंच्या ऑक्साइडचा लेप असतो. हा लेप १९६५ च्या सुमारास हेन्री बीर या संशोधकाने पेटंट केला. सगळी किंमत या लेपात आहे. करंट वाहिला की लेप हळूहळू झिजतो, म्हणून सेलचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे धरतात. लेप संपला की संपला. तो कारखान्यात भट्टीत भाजून चढवलेला असतो, गल्लीतल्या दुकानात पुन्हा लावून मिळत नाही.

त्यामुळे घेताना पहिला प्रश्न भावाचा नको. ‘याचा सेल सुटा मिळतो का, आणि आज त्याची किंमत काय?’ हे विचारावे. उत्तर लेखी मिळत असेल तर पुढे बोलावे. सेलची लांबी, पाइपाचा व्यास, वायरीचा प्लग यांचे फोटो काढून ठेवावेत. पुढे दुसऱ्या नावाचा पण त्याच साच्याचा सेल शोधायला तेच कामी येतात. आयात माल असेल तर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी खोक्यावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. विकणाऱ्याच्या स्टिकरपेक्षा ही ओळ महत्त्वाची, कारण पाच नावांच्या मागे आयातदार एकच निघू शकतो.

दुसरा घोळ क्षमतेचा. खोक्यावर ‘इतक्या लिटरसाठी’ असे लिहिलेले असते, पण ते थंड देशातल्या उन्हाच्या हिशेबाने असू शकते. ताशी किती ग्रॅम क्लोरीन, तो आकडा बघावा. २० बाय १० फूट आणि सरासरी ४ फूट खोल पूलमध्ये सुमारे २२,६५० लिटर पाणी बसते. उन्हाळ्यात दिवसाला लिटरमागे ४ मिलिग्रॅम क्लोरीन लागले तर ९० ग्रॅम झाले. ताशी १६ ग्रॅमचे मशीन हे सहा तासांत देते. ८ ग्रॅमच्या मशीनला अकरा तासांवर लागतील, आणि शेतात तेवढा वेळ लाइट कुठे असते?

मीठ लिटरला साधारण साडेतीन ग्रॅम, म्हणजे या पूलला ८० किलोच्या आसपास. पण बोअरच्या पाण्यात आधीच क्षार असतात, म्हणून मोजून थोडे थोडे टाकावे. जास्त झालेले मीठ काढायचा उपाय एकच, पाणी काढून टाकणे. तेही बांधावरच्या लिंबा-मोसंबीला सोडू नये, त्यांना खारे पाणी सोसत नाही.

आता दुरुस्तीकडे. ‘मीठ कमी’ असा दिवा लागला की लोक गोणी ओततात. आधी मीठ वेगळ्या मीटरने तपासावे. डिसेंबरात पाणी गार झाले की त्यातून करंट कमी वाहतो आणि मीठ पुरेसे असूनही दिवा लागतो. सेलवर पांढरा थर बसला तरी तेच होते. हैदराबाद ग्रॅनाइटच्या पठारावर, आपल्याकडे काळा पाषाण. जड पाण्याच्या बोअरला दोन्हीकडे तोटा नाही.

थर काढायला सेल उतरवून पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये दहा-पंधरा मिनिटे ठेवतात. एक भाग ॲसिडला निदान चार भाग पाणी घ्यावे, आणि पाण्यात ॲसिड ओतावे, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवी. बुडबुडे थांबले की काम झाले. स्क्रू ड्रायव्हरने खरवडले तर थराबरोबर लेपही जातो. दर आठवड्याला ॲसिडची अंघोळही नको, त्यानेही लेप झिजतो.

सेल स्वच्छ, मीठ बरोबर, तरी मशीन मुके असेल तर दोष बहुधा डब्यात असतो. फ्यूज, रिले, रेक्टिफायर, थर्मिस्टर, सेलकडे जाणारा जळलेला प्लग. हे सगळे सर्वसाधारण भाग आहेत, ब्रँडचे नाहीत. हैदराबादच्या कोठीतल्या गुजराती गल्लीसारख्या इलेक्ट्रॉनिक बाजारात अशा वस्तू मिळतात, आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणारा चांगला कारागीर त्या बदलू शकतो. कधी कधी दोष एवढाच असतो की डब्यात मुंग्यांनी वारूळ केले किंवा पाल चिकटून मेली. काही शे रुपयांच्या भागासाठी पूर्ण मशीन बदलणारे मात्र कमी नाहीत.

एका जुगाडाला मात्र ठाम नाही म्हणावे. पाणी वाहत नसेल तर मशीन बंद करणारा ‘फ्लो स्विच’ बिघडला की काही मिस्त्री दोन वायरी जोडून तो बायपास करतात. सेलमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजनही तयार होतो. पंप बंद आणि सेल चालू राहिला तर तो वायू पाइपात साठतो आणि सेल फुटू शकतो. पंप बंद झाला की मशीन बंद, अशीच वायरिंग हवी. शिवाय चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. पाण्यात पोरे खेळणार आहेत.

राहिले बिल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे माल हैदराबादचा असला तरी नांदेडकराला तिकडच्या कोर्टकचेरीचे हेलपाटे नकोत. पण जीएसटीचे क्रेडिट मिळावे म्हणून घरच्या पूलचे मशीन दुकानाच्या फर्मच्या नावावर लावले, तर ‘ही व्यापारी खरेदी आहे’ असे समोरचा वकील म्हणणारच. फार्महाऊस भाड्याने देणाऱ्यांचीही तीच अडचण. बिलावर मॉडेल आणि सेलचा नंबर दोन्ही लिहून घ्यावेत. नुसते ‘पूल मशीन १ नग’ लिहिलेले बिल वॉरंटीच्या वेळी उपयोगाचे नाही. दुकानदार ऐकत नसेल तर आयोगाआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो.