धातूचा मासा, खाडीचा जिताडा

नवी मुंबईतली बरीचशी तळी मुळात तळी नव्हेतच. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या सखल खाजणांवर शहर उभे राहू लागले. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला तर पाणी जायचे कुठे? त्यावर उपाय म्हणून हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव खोदले गेले. भरती आली की खाडीकडच्या झडपा दाबाने मिटतात आणि पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत जाते. अभियंत्यांनी पुराचा बंदोबस्त केला, आणि त्यांच्या नकळत गळवाल्यांचीही सोय झाली!

याचे कारण जिताडा. पेण-अलिबागकडे गावतळ्यात पिल्ले सोडून हा मासा वाढवण्याची जुनी रीत आहे, यावरून आगरी-कोळ्यांच्या घरातला त्याचा मान कळावा. तो दबा धरून शिकार करतो. ओहोटीला झडपेतून धार सुटते, तिच्याबरोबर कोळंबी आणि बोईटाची पिल्ले वाहत येतात. जिताडा धारेत राहत नाही. कडेला पाणी भोवरा घेऊन मंदावते, तिथे टपून बसतो. उधाणाच्या दिवसांत हा खेळ रंगतो, भांगाला पाणी सुस्त असते.

जुन्या माणसांचा विश्वास जिवंत कोळंबीवर. तरुणांच्या हाती मात्र आता शिशाचा किंवा जस्ताच्या मिश्रधातूचा चकचकीत, लांबट तुकडा दिसतो. त्याला 'जिग' म्हणतात. हे हत्यार मूळचे खोल पाण्याचे. फिनलंडमध्ये गोठलेल्या सरोवराला भोक पाडून ते उभे सोडतात, तळाला टेकले की वीतभर उचलतात आणि पुन्हा पडू देतात. सगळी मेख या पडण्यात आहे. मासा बहुधा तुकडा वर जाताना नव्हे, खाली येताना धरतो, कारण कलंडत, लुकलुकत येणारा धातू जखमी मासोळीसारखा दिसतो. म्हणून त्या क्षणी दोरी ताठ नको आणि अगदी ढिलीही नको. ताठ दोरीने त्याचे नैसर्गिक कलंडणे बिघडते, ढिलीने झटका कळत नाही. तळ यायच्या आत दोरी थबकली किंवा आडवी सरकली, की हिसका द्यावा.

आपल्या धारण तलावांत ही उभी पद्धत जशीच्या तशी चालत नाही. पाणी उथळ आणि खाली गाळ. जड जिग पहिल्याच फेकीत चिखलात रुतते. तिथे दहा-पंधरा ग्रॅमचा रुंद, पातळ तुकडा हवा. तो धारेच्या वरच्या अंगाला फेकावा, रिळाच्या तीन-चार फेऱ्या घ्याव्या, थांबावे, थोडे पडू द्यावे, पुन्हा गुंडाळावे. दोरीच्या टोकाला जाड नायलॉनचा हातभर तुकडा बांधणे आवश्यकच, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते. रोहू-कटल्याच्या गोड्या तळ्यात मात्र हाच धातू दिवसभर हलवला तरी हात रिकामेच राहायचे.

आता जरा अडचणीची गोष्ट. जिताडा आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो, पुढे मादी होतो. म्हणजे फोटोसाठी उचलून धरलेला मीटरभर लांबीचा मासा बहुतेक वेळा मादी असते. जिवंत आमिष मासा खोल गिळतो, तर धातूचा गळ बहुधा ओठातच अडकतो. तीन नख्यांऐवजी एकच, काटा दाबून बोथट केलेली नखी लावली, तर मासा जिवंत सोडता येतो. दिवाळ्याच्या कोळ्याला हे सांगायला जाऊ नये. त्याचे घर मासळीवर चालते. पण रविवारी हौसेने आलेल्या नोकरदाराने मोठी मादी का सोडू नये?

अर्थात मासा तलावापर्यंत पोचला तर! धारण तलाव गाळाने भरत आले आहेत, अनेकांत कांदळवन वाढले आहे. 2005 साली उच्च न्यायालयाने कांदळवनतोडीला बंदी घातली. ती योग्यच होती, पण गाळ काढणे त्यामुळे न्यायालयाच्या परवानगीचा विषय झाले. नेरुळच्या डीपीएस तलावात खाडीचे पाणी येणे अडले, तेव्हा 2024 च्या उन्हाळ्यात फ्लेमिंगो दगावले आणि त्यावर गदारोळ झाला. पाण्याखालच्या माशांसाठी कोणी फलक घेऊन उभे राहत नाही. झडपेपाशी फेकलेल्या गळाला हल्ली आधी प्लास्टिकची पिशवी येते. ती सोडवायची, धातू पुसायचा आणि ओहोटी संपायच्या आत पुन्हा फेकायचा.