नववीत किती उरले?

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला की सोलापुरात चौकाचौकांत डिजिटल लागतात. नवी पेठ, सात रस्ता, अशोक चौक, कन्ना चौक, कुठेही बघा. फेटे बांधलेल्या मुलामुलींचे फोटो, खाली टक्के आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांत शाळेचा निकाल. याच दिवसांत घराघरांत मुलाला पाचवीला किंवा आठवीला कुठं घालायचं याची चर्चा चालू असते. महापालिकेच्या बहुतेक शाळा प्राथमिकच्या, त्यामुळे माध्यमिक शाळा शोधावीच लागते. ज्या घरात आधी कुणी दहावी झालेलं नाही, तिथं हाताशी माहिती म्हणून तो डिजिटलच असतो.

मुलांच्या पुढच्या आयुष्याचा निर्णय त्या फलकावरून होतो, हे मला फार काळजीचं वाटतं. फलक खोटा नसतो, पण तो शाळेच्या कामाचा अगदी शेवटचा तुकडा दाखवतो.

आपल्याकडची सर्वसाधारण माध्यमिक शाळा म्हणजे अनुदानित प्रशाला. संस्था खासगी, शिक्षकांचे पगार सरकारचे, पुस्तकं बालभारतीची आणि परीक्षा राज्य मंडळाच्या पुणे विभागाची. पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर हे तीन जिल्हे या विभागात येतात. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात उभ्या केलेल्या सेवासदनाची इथली शाळा, हरिभाई देवकरण प्रशाला, पद्मशाली शिक्षण संस्थेची कुचन प्रशाला ही नावं सोलापूरकरांच्या तोंडी असतात. गिरण्या चालू होत्या तेव्हा कामगारांची मुलं शिकली ती अशाच शाळांतून. आज यंत्रमाग कारखान्यांतल्या कामगारांची, विडी वळणाऱ्या बायकांची, रिक्षावाल्यांची मुलं शिकतात तीही बहुतांशी इथंच. म्हणून या शाळेची पारख हा चांगल्या घरांतल्या हौशीचा विषय नाही.

पारख कुठून सुरू करायची? माझं उत्तर एकच: नववीपासून.

नववीत काय काय बदलतं ते बघा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आणि आठवीपर्यंतच आहे. दुपारची खिचडी आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. नापास करण्याची भीती अनेक वर्षं आठवीपर्यंत नव्हती, म्हणजे पहिली खरी परीक्षा नववीतच व्हायची. २०२३-२४ पासून राज्यानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि फेरपरीक्षा आणली, तरी मोठी गाळणी अजून नववीतच लागते. चौदा पूर्ण झाल्यावर सक्तीच्या शिक्षणाचं छत्रही उडतं. वडील कारखान्यात मागावर आणि आई हजार विड्यांच्या मजुरीवर असेल, तर त्या घरात पंधरा वर्षांच्या पोराचे दोन हात आणि पोरीची घरातली मदत या गोष्टी अचानक मोजल्या जाऊ लागतात. कायद्याचा, जेवणाचा आणि पुस्तकांचा आधार एकाच जूनमध्ये सुटतो. त्या वेळी शाळेनं मुलाला धरून ठेवलं की सोडून दिलं, यात शाळेची सगळी लायकी दिसते.

सोडून देण्याचे मार्ग शांतपणे चालतात. कच्च्या मुलाला नववीत नापास करायचं. पालकांना बोलावून ‘याला झेपणार नाही, सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असं सांगायचं. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बाहेरून दहावीला बसण्याची सोय. शाळा सुटलेल्या आणि कामावर असलेल्या माणसांसाठी ती मोलाचीच आहे. पण शाळेत रोज येणारं पोर तिकडं ढकललं, तर शाळेचा निकाल सुधारतो आणि पोराचा आधार जातो. शंभर टक्क्यांच्या फलकावर ते पोर कुठंच नसतं.

म्हणून मुख्याध्यापकांना एक साधा प्रश्न विचारावा: ‘सर, यंदा दहावीला जी मुलं बसली, ती आठवीत होती तेव्हा किती होती?’ आठवीत ऐंशी होती आणि दहावीला शहात्तर बसली, तर शाळा चांगली, मग निकाल ब्याण्णव टक्के का असेना. ऐंशीतली पंचावन्न बसली आणि सगळी पास झाली, तर पंचवीस मुलांचं काय झालं हे विचारल्याशिवाय उठू नये. काही मुलं दाखला घेऊन गावी जातात, काही शाळा बदलतात. चांगल्या मुख्याध्यापकांना अशी मुलं नावानिशी माहीत असतात. सांगायचं टाळलं, तरी यू-डायस नोंदीत शाळेची इयत्तावार पटसंख्या असते. प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक आहे. महाराष्ट्राचा २७ आणि सोलापूर जिल्ह्याचा ३०, म्हणून आपल्याकडचे क्रमांक २७३० ने सुरू होतात. मोबाइलवर ही माहिती निघते. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या कुणालाही दहा मिनिटं बसवलं तर काम होतं.

दुसरा प्रश्न शेवटच्या तुकडीचा. मोठ्या प्रशालेत अ, ब, क, ड अशा तुकड्या असतात. सेमी इंग्रजीची, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारी तुकडी बहुधा अ असते. डिजिटलवरचे चेहरे तिथले असतात आणि अनुभवी शिक्षकही तिथंच दिले जातात. आपलं मूल कुठल्या तुकडीत पडणार ते प्रवेश घेताना नक्की नसतं. म्हणून ड तुकडीला गणित कोण शिकवतं, कायम शिक्षक आहे की तासिकेवरचा, हे विचारावं. शिक्षकांची पदं संच मान्यतेत पटावरून ठरतात. पट घसरला की कुणी अतिरिक्त ठरतं आणि त्याचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं, कुणी निवृत्त होतं आणि जागा रिकामी राहते. नवी भरती पवित्र पोर्टलवरून होते, तिला वेळ लागतो. यात शाळेचा दोष नसतो. पण आहे त्या शिक्षकांत सगळ्यांत कुशल माणूस सगळ्यांत कच्च्या वर्गावर द्यायचा की नाही, हे शाळाच ठरवते.

वह्या बघू द्या म्हणावं. ड तुकडीतली नववीची गणिताची कुठलीही एक वही. प्रत्येक पानावर लाल शाईची बरोबरची खूण आणि खाली सही, एवढंच असेल तर कुणी वाचलेलं नाही. चुकलेल्या पायरीखाली रेघ, शेजारी ‘वजाचं चिन्ह बघ’ असे दोन शब्द आणि पुढच्या पानावर मुलानं तेच उदाहरण पुन्हा सोडवलेलं दिसलं, तर त्या वर्गात शिकवलं जातंय. विज्ञानाचं जर्नलही तसंच बघावं. सगळ्या जर्नलांत निरीक्षण शब्दशः सारखं आणि प्रयोगशाळेच्या कपाटातल्या परीक्षानळ्यांवर धूळ, तर प्रयोग फळ्यावरून उतरवून घेतले गेलेत. दहावीला प्रत्येक विषयाच्या १०० पैकी २० गुण अंतर्गत असतात आणि ते शाळेच्या हातात असतात. २०१० पासून सहांपैकी उत्तम पाच विषयांची टक्केवारी धरतात. आजच्या नव्वद टक्क्यांची तुलना आईवडिलांच्या काळातल्या नव्वदशी म्हणूनच करू नये.

भाषेकडं सोलापुरात जास्त बारकाईनं बघावं लागतं. साखर पेठ, अशोक चौक या पूर्वभागात घरात तेलुगू, बाजारात कन्नड, मराठी, उर्दू सगळंच कानावर पडतं. महापालिका मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार भाषांच्या शाळा चालवते. तेलुगूतून चौथी झालेलं मूल पाचवीला मराठी प्रशालेत येतं, तेव्हा त्याला पहिले सहा महिने समजून घेणारा शिक्षक लागतो. पूर्वभागातल्या काही शाळांत बाई मराठीतून शिकवता शिकवता एक वाक्य तेलुगूत सांगून पुढं जातात. त्या एका वाक्यानं मूल वर्गात टिकतं. अशी बाई ज्या शाळेत आहे, ती मला सेमीच्या पाटीपेक्षा वजनदार वाटते. उलट घरात कुणालाच इंग्रजी येत नाही आणि शिकवणीही परवडणार नाही, अशा मुलाला केवळ शेजारच्यानं घातलं म्हणून सेमीत घालणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

स्वच्छतागृह स्वतः जाऊन बघावं, मुलींचं आधी. नळाला पाणी आहे का आणि दाराला आतून कडी आहे का. २०२० मध्ये शासनानं चतुर्थश्रेणी पदांऐवजी शिपाई भत्ता आणला, तेव्हापासून झाडलोटीचा प्रश्न अनेक शाळांत अवघड झालाय. तरीही काही मुख्याध्यापक माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी काढून माणूस ठेवतात. सातवी-आठवीतल्या मुली महिन्यातले काही दिवस गैरहजर राहतात का, हे हजेरीपटावरून कळतं, आणि पुष्कळदा त्याचं कारण त्या एका कडीत असतं.

सरकारी मोजमापही आहे. ‘शाळा सिद्धी’त सात क्षेत्रं आणि ४६ मानकं आहेत. पण ते मूल्यमापन शाळा आधी स्वतःच स्वतःचं करते, आणि पालक ते क्वचित वाचतात. इंग्लंडमध्ये १९९२ पासून ऑफस्टेड नावाची तपासणी यंत्रणा आहे. ती शाळेला एका शब्दात शेरा द्यायची आणि त्या शब्दावर घरांच्या किमती ठरायच्या. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी शाळांसाठी तो एकशब्दी शेरा त्यांनी बंद केला. आपण फलकावरच्या एका आकड्याला चिकटून बसण्याआधी हे लक्षात घ्यावं.

रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा माढा तालुक्यातल्या परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा जगभर पोहोचली. प्राथमिक शाळेत एक माणूस काय करू शकतो हे तिथं दिसलं. माध्यमिकचं काम वेगळं असतं. तिथं सात-आठ विषयांचे सात-आठ शिक्षक लागतात आणि त्यांना एकत्र बांधणारा मुख्याध्यापक लागतो. म्हणून एखादा नावाजलेला शिक्षक बघून शाळा ठरवू नये. आठवीच्या एनएमएमएस परीक्षेला शाळा किती मुलं बसवते ते मात्र विचारावं. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आणि शिष्यवृत्ती नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. म्हणजे नेमकी नववीपासून, जिथं बाकीचे आधार सुटतात तिथून. या परीक्षेसाठी सुट्टीत तास घेणारी शाळा आपल्या मुलांची घरं ओळखून असते.

अंतराचाही हिशेब करावा. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत १० हजार विडी कामगारांची घरं झाली, पुढं रे नगरची ३० हजार घरांची वसाहत आली. हक्काचं घर मिळालं, पण शहरातल्या जुन्या पेठेतली प्रशाला लांब पडली. बसला रोज किती पैसे आणि किती वेळ जातो, संध्याकाळचा तास सुटल्यावर मुलगी कशी येणार, हे नववीत गेल्यावर नव्हे, पाचवीच्या प्रवेशालाच ठरवायला हवं. बसच्या पैशांपायी शाळा सुटणार असेल, तर जवळची साधी शाळा अधिक बरी.

आणि हे सगळं बघायला प्रवेशाच्या आठवड्यात जाऊ नये. तेव्हा प्रत्येक शाळा झाडून-पुसून तयार असते. पुढच्या वर्षी मूल घालायचं असेल, तर यंदा दिवाळीनंतर एखाद्या साध्या बुधवारी, मधल्या सुट्टीच्या जरा आधी जावं. रजा टाकावी लागेल, विडीचा किंवा मागाचा एक रोज बुडेल, तरी जावं. मुख्याध्यापकांची वाट बघत कार्यालयाबाहेर बाकावर बसावं आणि तेवढ्या वेळात शिपाईमामा, बाई, सर मुलांशी कुठल्या सुरात बोलतात ते ऐकावं. मग आत जाऊन आठवीच्या पटाचा आकडा विचारावा.